कागदाखाली कुणाची सही?

रात्री साडेदहाला फोन वाजला म्हणून वकिलाच्या घरात कुणी दचकत नाही. पक्षकार घड्याळ बघून फोन करत नसतात. तो फोन मात्र सिएटलच्या सरोवरापलीकडच्या बेलव्ह्यूहून आला होता, आणि बोलत होती माझ्या मैत्रिणीची भाची. २०१८ सालचा डिसेंबर होता. नवऱ्याने घटस्फोटाचे कागद बजावले होते. उत्तर द्यायला मुदत २० दिवसांची, पदरात तीन वर्षांची मुलगी आणि स्वतःच्या नावावर एका डॉलरचाही पगार नाही. ज्या वकिलाला ती भेटली होती, त्याने काम हातात घेण्याआधीच ५ हजार डॉलर जमा करायला सांगितले होते. मी इथून काय सांगणार? तिथला कायदा मला ठाऊक नव्हता. धीर दे, कोऱ्या कागदावर सही करू नकोस, एवढेच सांगितले.

आठवड्याने तिचा पुन्हा फोन आला, या वेळी आवाज बराच स्थिर होता. "एक बाई मिळाल्या. वकील नाहीत, पण लायसन आहे त्यांच्याकडे. कागद करून देतात, आणि कुठे काय लिहायचं तेही सांगतात. ट्रिपल एल टी म्हणतात त्यांना, मावशी."

मी मनात म्हटले, फसली पोर. पस्तीस वर्षे तालुका आणि जिल्हा कोर्टात काढलेल्या माणसापुढे, वकील नाही पण कायद्याचा सल्ला देतो असे म्हटले की एकच चित्र उभे राहते. कोर्टाच्या आवारातला कडुनिंब, त्याखालचे एका बाजूला कललेले टेबल, त्यावर टाइपरायटर, आणि मागे बसलेला अर्जनवीस. या पुस्तकाचे हस्तलिखित लेखिकेने वाचायला पाठवले, तेव्हा तो फोन आठवला आणि माझा तो घाईचा निकालही आठवला. तो निकाल मी आता फिरवला आहे. का फिरवला, ते सांगण्यासाठीच ही प्रस्तावना.

भाचीला भेटलेल्या बाईंचा हुद्दा मराठीत सांगायचा तर 'मर्यादित परवानाधारक विधी तंत्रज्ञ' असा होतो. लेखिकेने हाच शब्द वापरला आहे. तंत्रज्ञ म्हटले की मला आधी फ्रीज दुरुस्त करणारा आठवतो, हे मी तिला कळवले. ती म्हणाली, तुलना वाईट नाही, फ्रीज बिघडल्यावर आपण प्राध्यापकाला बोलावत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

अमेरिकेत वकिलाची ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९६३ च्या गिडियन खटल्यानंतर तो हक्क पक्का झाला. दिवाणी कज्ज्यात तसा सरसकट हक्क नाही. घरमालक बाहेर काढतो आहे, सावकार पगारावर जप्ती आणतो आहे, नवरा मुलाचा ताबा मागतो आहे, तर वकील ज्याचा त्याने करायचा. भाची राहते त्या वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एका गटाने २००३ साली पाहणी केली. तीत असे दिसले, की गरीब कुटुंबांना कायद्याच्या ज्या अडचणी येतात त्यांतल्या ८५ टक्क्यांहून अधिक अडचणींना ती वकिलाविनाच तोंड देतात. शिवाय मोफत मदतीसाठी पुरेसे गरीब नाहीत आणि वकिलासाठी पुरेसे श्रीमंत नाहीत, असे लोक वेगळेच. शाळेतली मदतनीस, बसचालक, दुकानातला कारकून. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. ही म्हण दावा लावणाऱ्यासाठी आहे. ज्याच्या दारात समन्स येऊन पडते, त्याचे शहाणपण कुणी विचारत नाही.

अशा लोकांसाठी वॉशिंग्टनच्या कोर्टांनी बरेच काही केलेले आहे, हेही नोंदवले पाहिजे. कौटुंबिक कज्ज्यांसाठी छापील फॉर्म सक्तीचे आहेत आणि ते कुणालाही मिळतात. अनेक जिल्ह्यांच्या कोर्टांत मदतनीस बसतात. कुठला फॉर्म लागतो, सही कुठे करायची, कुठल्या खिडकीत द्यायचा, हे ते सांगतात. फक्त फॉर्ममध्ये काय लिहायचे, ते सांगत नाहीत. तशी मुभाच त्यांना नाही.

ही मेख काय आहे, हे मुलांच्या संगोपन आराखड्याचा फॉर्म हातात घेतल्याशिवाय कळत नाही. लेखिकेने त्याची प्रत मला दाखवली. पाने उलटता उलटता संपत नाहीत. शाळेच्या दिवसांत मूल कुणाकडे, उन्हाळ्याच्या सुटीत कुणाकडे, हिवाळ्याच्या सुटीत कुणाकडे. मग सणांचा तक्ता. एकेका सणासमोर रकाने, विषम वर्षी आईकडे की बापाकडे, सम वर्षी कुणाकडे. इथवर कुणीही लिहील. पण सुरुवातीलाच एक भाग असा आहे, की समोरच्या पालकाने मुलाला सोडून दिले आहे का, मारहाण केली आहे का, व्यसन आहे का, असे विचारून पुढे चौकोन ठेवले आहेत. खूण करावी, तर पुराव्याचे ओझे अंगावर येते आणि नवरा चवताळतो. न करावी, तर त्याच्या भेटींवर बंधन मागण्याची वेळ हातातून जाते. खिडकीमागच्या बाईला उत्तर ठाऊक असते. रोज पन्नास फॉर्म तिच्या हातून जातात. पण ती म्हणते, हा कायदेशीर सल्ला झाला, तो मला देता येत नाही. समोरची पेन हातात धरून उभी राहते. कायद्याची माहिती आणि कायद्याचा सल्ला यांच्यामधली रेघ नेमकी त्या चौकोनावरून जाते. पूर्ण सनद नसलेल्या माणसाला ती रेघ ओलांडू द्यायची की नाही, एवढाच या सगळ्या पुस्तकाचा प्रश्न आहे.

वॉशिंग्टनला तो प्रश्न नवा नव्हता. घरखरेदीचे कागद करणाऱ्या एस्क्रो कंपन्यांना विधिमंडळाने मुभा दिली, तेव्हा १९८१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. वकिली कुणी करायची हे ठरवणे आमचे काम, विधिमंडळाचे नाही, असे सांगितले. आणि दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, त्याच न्यायालयाने स्वतःच्या नियमाने त्याच कामासाठी वकील नसलेल्यांना मर्यादित परवाना दिला. म्हणजे हरकत कामाला नव्हती, परवाना कुणाच्या हातचा, याला होती. हा तपशील पुस्तकात दीड पानात आटोपला आहे, तो वाचकाने सावकाश वाचावा. पुढे जे झाले त्याचे बी इथेच आहे.

विधी तंत्रज्ञांचा नियम न्यायालयाने जून २०१२ मध्ये केला, सहा विरुद्ध तीन मतांनी. मुख्य न्यायमूर्ती होत्या बार्बरा मॅडसन. असहमत न्यायाधीशांना मुख्यतः खर्च खटकला, तो वकिलांच्या वर्गणीतून का, म्हणून. सुरुवात कौटुंबिक कायद्यापुरतीच ठरली. पहिली सात माणसे परीक्षा पास होऊन २०१५ मध्ये कामाला लागली. त्यांना स्वतःचे कार्यालय थाटता येत होते, पक्षकाराला सल्ला देता येत होता, फॉर्म भरता येत होते, समोरच्याकडून आलेले कागद समजावून सांगता येत होते. सुरुवातीला समोरच्याशी वाटाघाट करता येत नव्हती आणि कोर्टात उभेही राहता येत नव्हते. २०१९ मध्ये त्यात थोडी सूट मिळाली. पक्षकाराशेजारी बसून न्यायाधीशांनी विचारलेल्या वस्तुस्थितीचे उत्तर द्यावे, इतपत. पक्षकाराची गुपिते सांभाळणे वकिलाइतकेच बंधनकारक होते. चूक झाल्यास भरपाई देता येईल अशी आर्थिक तजवीज दाखवावी लागे. आणि तयार केलेल्या कागदाखाली स्वतःची सही व परवाना क्रमांक घालावा लागे. या शेवटच्या अटीकडे मी पुन्हा येणार आहे.

वकिलांचा विरोध होता. त्यातला काही धंद्याच्या पोटदुखीचा होता, पण सगळा नव्हता. घटस्फोट म्हणजे फॉर्म नव्हे, हे मी स्वतः शेकडो वेळा बोलले आहे. निवृत्तिवेतनाची वाटणी एका ओळीने चुकली, तर बाईचे म्हातारपण चुकते. गरिबांना कंपाउंडर आणि श्रीमंतांना डॉक्टर, हा आक्षेपही पोकळ नाही. पण खेड्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा आणि ताप रोज यायचा. तुलना कंपाउंडरची डॉक्टरशी होत नव्हती. तुलना होती घरच्या घरी मरण्याशी. २०१७ साली रिबेका सँडफर आणि थॉमस क्लार्क या अभ्यासकांनी या तंत्रज्ञांच्या कामाची पाहणी केली. तीत काम नीट चालल्याचे, पक्षकार समाधानी असल्याचे दिसले.

तरीही ५ जून २०२० रोजी न्यायालयाने योजना गुंडाळत असल्याचे पत्राने कळवले. कारणे दोन दिली, चालवण्याचा खर्च आणि इच्छुकांची अल्प संख्या. परवाना असलेल्यांनी काम चालू ठेवावे, नवे मात्र मुदतीनंतर घेतले जाणार नाहीत. मॅडसन यांनी असहमती नोंदवली. योगायोग असा, की आदल्याच दिवशी, ४ जूनला, त्याच न्यायाधीशांनी विधी क्षेत्राला उद्देशून खुले पत्र लिहिले होते. न्यायव्यवस्थेने कृष्णवर्णीयांवर केलेल्या अन्यायाची कबुली त्यात होती, आणि ते पत्र फार गाजले. लेखिकेने ही दोन पत्रे शेजारी शेजारी ठेवली आहेत आणि त्यांवर एक शब्दही लिहिलेला नाही. मला तो संयम जमला नसता.

इच्छुक थोडे होते, हे खरे. बंद करताना परवानाधारकांचा आकडा चाळिशीच्या आसपास होता. पण ते थोडे का होते? दोन वर्षांची पदवी, ठरीव अभ्यासक्रम, त्यावर विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातले कौटुंबिक कायद्याचे खास वर्ग, परीक्षा, आणि वकिलाच्या देखरेखीखाली ३,००० तासांचे काम. पूर्ण वेळ धरले तरी दीड वर्ष. ज्या वकिलाच्या कार्यालयात हे तास भरायचे, त्याच्याच पक्षकारांना उद्या हा माणूस स्वस्तात कागद करून देणार. किती वकील हौसेने शिकवतील? कुंपण डोक्याएवढे उंच बांधायचे आणि मग उडी मारून किती आले ते मोजायचे, असा तो हिशोब होता. गुणवत्ता कमी पडली, असे न्यायालयाच्या पत्रातही म्हटलेले नाही.

युटा आणि ॲरिझोना या राज्यांनी मात्र धडा घेऊन वेगळे नियम केले. ॲरिझोनात तर असा परवानाधारक कोर्टात उभाही राहतो. ओरेगन, कोलोरॅडो त्यामागून आले. त्यांचे प्रकरण पुस्तकात आहेच.

माझ्या मते पुस्तकाचा खरा गाभा कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या प्रकरणात आहे. तिथे अर्जनवीस पूर्वीपासून होते, फक्त त्यांना पॅरालीगल म्हणत. वाहतुकीचे दंड, भाडेकरूंचे तंटे, छोटे दावे, सगळीकडे त्यांचा वावर. शिकलेले होते आणि फसवणारेही होते, कुणाची नोंद नव्हती. निवृत्त न्यायमूर्ती पीटर कोरी यांनी २००० साली अहवाल दिला, की यांना नियमांखाली आणा. २००७ पासून त्यांना परवाने मिळू लागले, जुन्या जाणत्यांना सामावून घेण्याची सोय ठेवून. आज त्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास आहे. वॉशिंग्टनने नवी जात जन्माला घालायचा प्रयत्न केला. ओंटारिओने अंगणात आधीच उभ्या असलेल्या माणसाला आत बोलावून त्याचे नाव लिहून घेतले. दोष तिथेही आहेत. परवाना देते वकिलांचीच संस्था, आणि कौटुंबिक कामाचे दार पॅरालीगलांना वर्षानुवर्षे बंद राहिले. ते उघडा, असे न्यायमूर्ती ॲनमरी बोंकालो यांना २०१७ मध्ये अहवाल लिहून सांगावे लागले.

आपण याच्या नेमके उलट चाललो. १८७९ च्या विधी व्यवसायी कायद्यात वकिलांखेरीज मुखत्यार आणि महसुली एजंट यांनाही जागा होती. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने एकच वर्ग ठेवला. त्यातून जुन्या पायऱ्यांतली उच्चनीचता गेली, हे चांगलेच झाले, पण तळाची पायरीही गेली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभे राहणे नव्हे, सल्ला देणे आणि मसुदा करणेही वकिलीच. म्हणजे कायद्याच्या नजरेने पाहिले, तर कडुनिंबाखालचे ते टेबल कुठेच बसत नाही. प्रत्यक्षात मात्र ते तिथेच आहे.

काही खिडक्या उघड्या राहिल्या. औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराची बाजू युनियनचा पदाधिकारी मांडू शकत असे. उलट न्यायाधिकरणापुढे वकील आणायचा, तर समोरच्याची संमती लागे. गिरणगावातल्या कितीतरी पुढाऱ्यांना कलमे वकिलांपेक्षा अधिक पाठ होती. ग्राहक मंचांचा तंटा तर मुंबईतच पेटला. सनद नसलेल्या प्रतिनिधींना एका मंचाने मज्जाव केला, उच्च न्यायालयाने तो उठवला, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाची बाजू उचलून धरली. त्याच वेळी या प्रतिनिधींसाठी नियम करायला सांगितले. ते २०१४ मध्ये झाले. विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवकही २००९ पासून गावोगाव आहेत, पण त्यांनी वाट दाखवायची, सल्ला द्यायचा नाही. पुन्हा तोच चौकोन, तीच पेन.

आता कडुनिंबाखालच्या त्या टेबलाबद्दल. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. पोटगीचा अर्ज फेटाळला गेलेली एक बाई माझ्याकडे आली. अर्ज तिने २० रुपये देऊन आवारातल्या काकांकडून टाइप करून घेतला होता. मी वाचू लागले. भाषा स्वच्छ, तारखा बरोबर, नवऱ्याची शेती, उत्पन्न, सगळे जागच्या जागी. आणि तिसऱ्या परिच्छेदात एक ओळ, "उभय पती-पत्नी परस्परांच्या संमतीने विभक्त राहत आहेत." त्या बाईने सांगितले होते, मी निघाले आणि तेही जा म्हणाले. काकांना वाटले, भांडण कशाला लिहा, साहेबांपुढे बरे दिसत नाही. पण तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चे चौथे पोटकलम सांगत असे, की संमतीने वेगळी राहणारी बायको पोटगीला पात्र नाही. समोरचा वकील उभा राहिला, ती एक ओळ वाचली आणि खाली बसला.

फेरतपासणीत ते निस्तरायला सव्वा वर्ष गेले. त्या काळी त्या कलमाखाली पोटगीची कमाल मर्यादा दरमहा ५०० रुपये होती, ती उठली २००१ मध्ये. मी घेतलेली फी तिच्या पाच महिन्यांच्या पोटगीहून जास्त होती, हेही इथे लिहिले पाहिजे. आणि ती आधीच माझ्याकडे का आली नाही, याचे उत्तर त्याच आकड्यात आहे. काकांवर मी तेव्हा खूप चिडले. पण त्यांनी त्या वर्षी असे शंभर तरी अर्ज केले असतील, आणि बाकीचे माझ्याकडे आले नाहीत, म्हणजे ते चालले. ते पोटकलम त्यांना कुणी कधी शिकवले नव्हते, आणि त्या अर्जावर त्यांचे नाव कुठेच नव्हते. सही होती तिच्या अंगठ्याची.

भाचीचे पुढे काय झाले, ते विचारणाऱ्यांसाठी सांगते. उत्तर मुदतीत गेले. मुलगी तिच्याकडे राहिली, सम वर्षी हिवाळ्याच्या सुटीत बापाकडे जाते. तंत्रज्ञबाईंनी एका मुद्द्यावर हात वर केले होते. नवऱ्याच्या भारतातल्या फ्लॅटचा हा विषय माझ्या परवान्यात बसत नाही, वकिलाला विचार, असे त्यांनी लेखी दिले. हे ऐकले तेव्हा माझे मत पहिल्यांदा हलले. आपल्याला काय येत नाही, ते लिहून देणारा माणूस मी आमच्या बार रूममध्येही फार वेळा पाहिलेला नाही.

हे हस्तलिखित पिशवीत घेऊन मी गेल्या महिन्यात जुन्या कोर्टात गेले होते. काका अजून बसतात. टाइपरायटर गेला, त्या जागी लॅपटॉप आणि प्रिंटर आले, कडुनिंब तोच. त्यांना वॉशिंग्टनची सगळी हकीकत सांगितली. परीक्षा, तास, परवाना, २०२० चे पत्र. ते शांतपणे ऐकत होते. मग विचारले, "परीक्षा मराठीत असते का?" इंग्रजीत, मी म्हटले. आपल्याकडे झाली तर मराठीत घ्यावी लागेल. त्यांनी मान हलवली.

"आणि कागदाच्या खाली आपलं नाव घालायचं?"

"नाव, सही आणि नंबर."

प्रिंटरमधून कुणाचा तरी वारसाचा अर्ज बाहेर येत होता. त्यांनी तो हातात घेतला, चष्मा वर करून शेवटच्या पानाच्या तळाशी असलेल्या रिकाम्या जागेकडे पाहिले, आणि मग पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.